पदरची चार वाक्यं

कांचनबाई घैसास सकाळी चहाबरोबर जे वर्तमानपत्र वाचत ते पुण्याचं नव्हतं, मुंबईचं नव्हतं, आणि गेले चार महिने त्या मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या ज्या चँडलर गावात राहत होत्या तिथलं तर नव्हतंच नव्हतं. ते होतं आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या एका फ्रेंच गावाचं दैनिक. नाव 'एको दे द्यो व्हाले', म्हणजे दोन खोऱ्यांचा प्रतिध्वनी. सत्तावीस वर्षांच्या असताना बाईंना फ्रेंचच्या शिक्षकांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि त्या सहा आठवडे त्या गावात राहून आल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी 'एको' सोडला नाही. आधी तो पोस्टाने कॉलेजच्या ग्रंथालयात यायचा, तीन-तीन आठवडे शिळा, सुतळीने बांधलेला. आता टॅबवर यायचा, ताजा ताजा. त्या गावात कुठल्या पुलाचं काम रखडलंय, कुणाच्या गायीला बक्षीस मिळालं, कोण वारलं, हे सगळं बाईंना ठाऊक असे. पुण्यात आपल्या खालच्या मजल्यावर कोण राहायला आलंय हे मात्र विचारावं लागे.

यजमान मोरेश्वर वीज मंडळात होते. त्यांना फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं, पण रोज चहाचा कप पुढे ओढून ते विचारायचे, "काय म्हणतंय तुझं आल्प्स?" मग बाई त्यांना दोन बातम्या मराठीत सांगत. सहा वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून बाई मनातल्या मनात भाषांतर करतात आणि चहा निवतो.

तर झालं असं, की त्या गावातला कॉम्प्युटरच्या चिप बनवण्याचा कारखाना बंद व्हायला आला होता आणि 'एको'ने जाहीर केलं, आमची वार्ताहर ॲरिझोनाला जाणार आहे, इकडची कामं जिथे गेली तो मुलूख बघायला. बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. मुलगा सिद्धेश अकरा वर्षं चँडलरच्या चिप कंपनीत इंजिनिअर होता, आणि त्यांचं वर्तमानपत्र आपल्या पायांनी त्याच्या दारात येत होतं. त्यांनी त्याच दुपारी त्या वार्ताहर मुलीला पत्र लिहिलं: चहाला या. सिद्धेशला सांगितलं नंतर.

"आई, कंपनीत प्रेसशी बोलणं अलाउड नाहीये," सिद्धेश म्हणाला. "पॉलिसी आहे. साइन केलंय मी."

"अरे प्रेस कसली, पोर आहे ती एवढीशी. चहाला येतेय."

"माझं नाव नको हां. आणि मी काही बोलणार नाही, मी फक्त बसेन. ओके?"

"बरं बाबा. तू बस नुसता."

सिद्धेशची बायको रेणू डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कला होती. तिचं वर्क परमिट सिद्धेशच्या व्हिसाला लटकलेलं, आणि दोघांची ग्रीन कार्डची रांग हनुमानाच्या शेपटीसारखी लांबतच चाललेली. ती एवढंच म्हणाली, "आई, प्लीज, जरा जपून." बाईंना ते थोडं लागलं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना जपून बोलायला शिकवलं होतं.

क्लेमाँस शनिवारी आली. तिशीची, कापलेल्या केसांची, ॲरिझोनाच्या उन्हात नाक सोललेली. तिला भडंग आवडला, रेणूच्या हातची वडी आवडली. सिद्धेश चार वाजता प्लँटमधून तसाच आला, गळ्यात कंपनीचा बॅज. शनिवार असून त्याला बोलावलं होतं, आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. क्लेमाँस त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली तर बाईंनी हात वर केला. छे, इंग्रजी कशाला? मी आहे ना. सिद्धेशने अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं, ब्याण्णव पाडले होते आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तो ते विसरून गेला होता, असा बाईंचा पक्का समज होता. म्हणून प्रश्न फ्रेंचमध्ये, उत्तर मराठीत, आणि मधे बाई.

"इथे कसं वाटतं, असं विचारतेय ती."

"छान आहे म्हण. शाळा चांगल्या आहेत."

बाईंनी तसं सांगितलं. क्लेमाँसने लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. काम कसं आहे? ठीक आहे म्हण. इथेच राहणार का? बघू म्हण. बाई ठीक आहे आणि बघू यांचं फ्रेंच करत राहिल्या, आणि करता करता त्यांना स्वतःचीच लाज वाटायला लागली. आयुष्यभर या भाषेच्या पायाशी बसले, आणि तिच्या माणसासमोर बोलायची वेळ आली तर काय बोलतेय, ठीक आहे आणि बघू!

समोरच्या बैठ्या कपाटावर मोरेश्वरांचा फोटो होता. टांगलेला नव्हता, भिंतीला टेकवून ठेवलेला. चार महिने ते बाईंच्या डोळ्यांत खुपत होतं. वडिलांचा फोटो भिंतीवर असावा, त्याला हार घालता यावा, यात काय मोठं मागणं होतं? पण सिद्धेश प्रत्येक वेळी म्हणायचा, आई, भाड्याचं घर आहे, जाताना भिंत होती तशी द्यायची असते. जाताना! अकरा वर्षांत तो गेला कुठेच नव्हता. घरातली सगळी चित्रं अशीच जमिनीवर किंवा कपाटावर टेकून उभी होती, गाडीची वाट बघणाऱ्या माणसांसारखी.

क्लेमाँसने विचारलं, "हे तुमचं घर आहे, असं वाटतं का?"

बाईंनी सिद्धेशला मराठीत विचारलं. सिद्धेशने खांदे उडवले. "घरच आहे ना."

आणि बाई सिद्धेशच्या वतीने फ्रेंचमध्ये बोलायला लागल्या. अकरा वर्षांत मी या भिंतीत एक खिळा ठोकलेला नाही. माझ्या वडिलांचा फोटोसुद्धा टेकवून ठेवलाय, कारण उठून जायची वेळ आली तर भिंतीवर खूण राहायला नको. कंपनीला माहीत आहे की मला दुसरीकडे सहज जाता येत नाही, म्हणून तिने शनिवारी बोलावलं तरी मी हसत जातो. ज्या दिवशी ते नको म्हणतील, त्या दिवसापासून दुसरी नोकरी शोधायला, नाहीतर देश सोडायला माझ्या हातात फक्त साठ दिवस असतील. चार वाक्यं. चारही पदरची. सुंदर, घडीव, एकही अडखळ नसलेली. क्लेमाँस लिहायची थांबली आणि सिद्धेशकडे बघत राहिली. सिद्धेश चहात बिस्किट बुडवत होता. ते विरघळून कपात पडलं.

आठ दिवसांनी बाईंना मेल आली. छापण्याआधी माणसाला त्याच्या तोंडची वाक्यं एकदा नजरेखालून घालायला देण्याची तिकडच्या वर्तमानपत्रांत एक रीत आहे. सगळी पाळतात असं नाही, पण क्लेमाँसने पाळली. सोबत लिहिलं होतं, आपल्या मुलालाही दाखवा. सिद्धेश कामावर होता. बाईंनी चष्मा लावला आणि पेपर तपासायला घ्यावा तसा तो मजकूर घेतला. एक स्वल्पविराम घातला. एक शब्द जरा बाजारू वाटला, तो बदलला. मजकूर काय म्हणतोय याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तो त्यांचाच होता आणि त्यांना पाठ होता.

नावाच्या जागी फक्त 'सिदेश' होतं, तेही चुकीचं. पोटच्या पोराचं नाव असं? बाईंनी ते दुरुस्त केलं. पण हात तिथे थांबला नाही. आपल्याकडे माणसाचं नाव नीट लिहायचं म्हणजे मधे वडील आलेच. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत बाईंनी ते तसंच लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं, सिद्धेश मोरेश्वर घैसास. लिहून झाल्यावर त्या बघत बसल्या. ज्यांनी चाळीस वर्षं आल्प्सची खुशाली विचारली, त्यांचं नाव 'एको'त येणार होतं. सिद्धेशचं म्हणणं त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण आल्प्सच्या दोन खोऱ्यांत छापलेलं नाव चँडलरमध्ये कोण वाचणार? खाली त्यांनी लिहिलं, उत्तम, छापा.

लेख गुरुवारी आला. शेवटचं पान, जिथे 'एको' एकेका माणसाचं व्यक्तिचित्र देतो. मथळा, 'खिळा न ठोकणारा माणूस'. खाली पूर्ण नाव. त्या शनिवारी निघताना क्लेमाँसने काढलेल्या फोटोत सिद्धेश, मागे टेकलेले मोरेश्वर, आणि सिद्धेशच्या गळ्यातल्या बॅजवर कंपनीचं चिन्ह इतकं ठळक की डोळ्यांत भरावं. बाईंनी तो लेख जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनांचा पाऊस पडला. सिद्धेशला रविवारी निवांत दाखवू, असं त्यांनी ठरवलं होतं, पण रविवारी त्याला पुन्हा प्लँटमध्ये बोलावलं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता सिद्धेश घरी आला. अकरा वर्षांत तो या वेळी घरी आला नव्हता. त्याने गाडी गॅरेजमध्ये घातली नाही, बाहेरच लावली. गळ्यात बॅज नव्हता.

"आई, तू माझं फुल नेम दिलंस?"

बाईंनी हातातला टॅब उलटा ठेवला.

त्या गावच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेने लेख इंटरनेटवर फिरवला होता. बघा, जिथे आपली कामं गेली तिथली माणसंसुद्धा सुखी नाहीत. फिरत फिरत तो इकडे कंपनीच्या जनसंपर्कवाल्यांपर्यंत आला, आणि मशीनने त्याचं इंग्रजी करून दिलं. मशीनने आपल्या पदरचं काहीच घातलं नव्हतं. एचआरने सिद्धेशला समोर बसवून ती वाक्यं वाचून दाखवली होती. विशेषतः शनिवारचं.

"लीव्हवर ठेवलंय," तो म्हणाला. "म्हणाले, तू हे बोलला नसशील तर पेपरला रिट्रॅक्ट करायला सांग. पुढच्या शुक्रवारपर्यंत. मग रिव्ह्यू करू."

"मी सांगते ना त्यांना! मी सांगते, हे सगळं माझं आहे. मला घेऊन चल तिकडे."

"तुला कोण आत सोडणार, आई?" तो चिडलासुद्धा नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

रेणू संध्याकाळी आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कुकर लावला. शिट्या मोजायला ती ओट्यापाशीच पाठ करून उभी राहिली. त्यांची नऊ वर्षांची मुलगी रुही टेबलाशी गृहपाठ करत होती. तिने विचारलं, "आर वी इन ट्रबल?" रेणूने तिसरी शिटी मोजली आणि गॅस बंद केला.

बाईंनी 'एको'च्या संपादकांना पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. ही वाक्यं माझी आहेत, मुलाची नाहीत, चूक माझी, कृपा करून तसं छापा. सोमवारी उत्तर आलं. फ्रेंच पत्राचा शेवट कसा करायचा हे बाईंनी चाळीस वर्षं शिकवलं होतं. वर्गात त्या गमतीने सांगत, की नकार असेल तर शेवटची नम्रता लांबलचक असते, आधी ती बघावी. त्यांनी आधी तीच बघितली. साडेतीन ओळी होत्या.

संपादकांनी लिहिलं होतं की मजकूर आपल्याला दाखवला होता, आपण तो दुरुस्त केलात, पूर्ण नावही आपणच घातलंत, तेव्हा वर्तमानपत्राकडून चूक झाली असं आम्ही म्हणू शकत नाही. मात्र आमच्याकडे जुना कायदा आहे. वर्तमानपत्रात ज्याचं नाव आलं त्याला उत्तर देण्याचा हक्क असतो, आणि ते उत्तर त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापणं आम्हाला भाग असतं. पण ते त्या माणसाचं असायला हवं, त्याच्या सहीने. आपलं चालणार नाही.

म्हणजे सिद्धेशने लिहायचं. म्हणजे बाईंनीच लिहायचं आणि सिद्धेशने सही करायची. पुन्हा तेच. बाईंनी मंगळवारी दिवसभर बसून ते लिहिलं, आणि इतकं चांगलं फ्रेंच त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी कागद सिद्धेशपुढे ठेवला. "मी मराठीत सांगते, थांब."

"नको," सिद्धेश म्हणाला, आणि मोठ्याने वाचायला लागला.

फ्रेंच वाचायला लागला. नीट, शेवटची अक्षरं गिळत, ज्या स्वरांसाठी पुण्यातली मुलं दोन-दोन वर्षं तोंडं वाकडी करतात ते स्वर अलगद उच्चारत. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तुला येतंय?"

"रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत तुझी शिकवणीची दहा-दहा मुलं घोकायची. मी आतल्या खोलीत अभ्यास करायचो. कसं विसरेन?"

"म्हणजे त्या दिवशी, ती आली होती तेव्हा…"

"सगळं कळत होतं."

"मग मला थांबवलं का नाहीस, सिद्धू?"

त्याने कागद खाली ठेवला. त्याची कड सरळ केली.

"थांबवायला हवं होतं. इझी होतं ग, नुसतं 'आई' म्हटलं असतं तरी झालं असतं." मग म्हणाला, "अकरा वर्षांत कुणी बोललंच नव्हतं ते. मीपण नाही. ऐकत बसलो यार."

बाईंना रडू आलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण पोराच्या तोंडी खोटं घातलं, आणि तेवढं कबूल केलं की सुटका होईल. आता कबूल करायला तेही उरलं नव्हतं. खोटं ते आता लिहिलेलं होतं, या कागदावर, आणि पोटासाठी त्यावर सही हवी होती.

सिद्धेशने पेन घेतलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे, फोटो भिंतीवर टांगलेला आहे, हे खरं नाहीये."

"काढून टाकते."

"नको, राहू दे. बाकीच्या वाक्यांचं काही करता येणार नाही. हे तरी मी खरं करतो."

घरात हातोडी नव्हती. तो शेजारी जाऊन मागून आला. त्याला सवय नव्हती, पहिला खिळा वाकला. दुसरा बसला. बाईंनी फोटो पुसून त्याच्या हातात दिला, आणि मोरेश्वर पहिल्यांदा त्या घरात भिंतीवर चढले, जरा डावीकडे कलून. रेणूने लांबून बघितलं आणि म्हणाली, "डावीकडून किंचित वर घ्या." गेल्या आठवड्यातलं तिचं तेच सगळ्यात लांब वाक्य होतं. मग सिद्धेशने सही केली.

'एको'ने कायदा पाळला. उत्तर शुक्रवारच्या अंकात येईल, असं त्यांनी कळवलं. सिद्धेशने ते कंपनीला कळवलं. गुरुवारी दुपारी कंपनीचा फोन आला. तो सहा मिनिटं चालला. रिव्ह्यू सोमवारीच झाला होता, रिट्रॅक्शन त्यांनी फाइलला लावून घेतलं होतं, आणि त्याच्या इतक्या वर्षांच्या कामाबद्दल त्यांनी आभार मानले. इंग्रजीतल्या नम्रतेचा शेवटही बराच लांब होता. आभार संपले, त्या दिवसापासून साठ दिवस सुरू झाले.

शुक्रवारी सकाळी बाईंनी सवयीने टॅब उघडला. शेवटच्या पानावर, त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत त्यांचं फ्रेंच छापलेलं होतं, एका अक्षराचाही फरक न करता. पलीकडे सिद्धेश भिंतीपाशी उभा होता. मोरेश्वरांना त्याने उतरवून पुन्हा कपाटावर टेकवलं होतं, खिळा उपटला होता आणि तो भोकात पांढरी लुकण भरत होता. घर सोडतोय हे घरमालकाला आजच कळवायचं होतं.

"तीन दिवसांसाठी कशाला ठोकलात," रेणू हळूच म्हणाली, पण त्यात राग नव्हता.

रुही शाळेचं दप्तर पाठीला लावून बाईंच्या खुर्चीपाशी आली. पानावर बाबाचं नाव तिला वाचता आलं. "आजी, दॅट्स बाबा! व्हॉट डझ इट से?"

बाईंनी चष्मा सारखा केला. सिद्धेशचा हात भिंतीवर थांबला, पण त्याने मागे वळून बघितलं नाही.

बाई मराठीत वाचायला लागल्या. "मी, सिद्धेश मोरेश्वर घैसास. आपल्या अंकात माझ्या नावाने छापलेली वाक्यं माझी नाहीत आणि माझं म्हणणंही तसं नाही. मी जिथे राहतो ते माझं घर आहे. माझ्या वडिलांचा फोटो या घराच्या भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या कंपनीने मला नेहमी मानाने वागवलं आहे. मी इथे सुखात आहे."

एवढंच होतं. या वेळी त्यांनी पदरचा एक शब्दही घातला नाही. रुहीने कपाटावरच्या आजोबांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या ओल्या पांढऱ्या ठिपक्याकडे, आणि मग ती आजीकडे बघत उभी राहिली, पुढचं काही आहे का म्हणून.